गरिबीचे कौतुक नको

निपाणी

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र पोचले. ‘गरिबीनेच आपल्याला घडवले’ हे तुझे वाक्य दोन दिवस मनातून जाईना. मला ते मुळीच पटलेले नाही, आणि हे तुला नाही तर कोणाला सांगायचे?

पुलंनी १९७५ साली बर्नार्ड शॉच्या ‘पिग्मॅलियन’ नाटकावरून ‘ती फुलराणी’ रंगभूमीवर आणल्यापासून शॉ आपल्याला हसवणारा नाटककार म्हणून घरचाच झाला. पण पंधराव्या वर्षी शाळा सोडून हाच मुलगा डब्लिनमध्ये जमीनदारांच्या एजंटाकडे कारकुनी करत होता आणि गरीब वस्तीत फिरून आठवड्याचे भाडे गोळा करत होता, हे कळल्यावर त्याचा विनोद मला वेगळाच वाटू लागला. १८९२ साली रंगभूमीवर आलेल्या त्याच्या पहिल्या नाटकातला तरुण डॉक्टर, भावी सासऱ्याचा पैसा झोपडपट्टीच्या भाड्यातून येतो म्हणून तो नाकारतो. पुढे त्याला समजते की आपले स्वतःचे उत्पन्नही त्याच घरांच्या गहाणावरचे व्याज आहे. ‘मेजर बार्बरा’ या नाटकाच्या प्रस्तावनेत तर शॉने दारिद्र्यालाच सर्वांत मोठा गुन्हा ठरवले.

माझी आई विड्या वळायची, हे तू पाहिले आहेस. मांडीवर सूप, भिजवलेली पाने, पत्र्याचे माप, कात्री, चिमूटभर जर्दा, वर दोरा. हिशेब हजारावर. ठेकेदार बंडले चाचपून सैल, वाकड्या म्हणून मूठभर विड्या बाजूला टाकायचा. त्या छाटीचे पैसे मिळायचे नाहीत आणि विड्याही परत यायच्या नाहीत. तेवढी भर घालायला आई रात्री दिव्याखाली पुन्हा सूप घेऊन बसायची. शेजारी तिला सोशिक म्हणायचे. त्या कौतुकाने ठेकेदाराचे फावले. आईच्या बोटांना पडलेले घट्टे आजही तसेच आहेत. मला शिकवले ते तिच्या जागरणांनी. त्याचे श्रेय गरिबीला कसे देतोस?

सर्वांना सारखेच उत्पन्न असावे, हे शॉचे मत मला अजून पुरते उमगलेले नाही. मात्र १८९७ पासून सहा वर्षे तो लंडनच्या सेंट पँक्रास भागाचा लोकप्रतिनिधी म्हणून गटारे, घरे आणि बायकांसाठी सार्वजनिक शौचालये या प्रश्नांवर भांडत राहिला, याचे मला फार मोल वाटते.

रविवारी बेळगावला येतो आहे. ‘मेजर बार्बरा’ सोबत आणतो. नाटकाआधी प्रस्तावना वाच, मग भांडू. वहिनींना नमस्कार.

तुझाच,
बालमित्र