सत्काराआधी वॉटमीटर लावा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कबाडातल्या सामानातून एखाद्या मुलाने बॅटरीवर पळणारी सायकल केली की दोनच प्रतिक्रिया येतात. काही जण ‘उद्याचा शास्त्रज्ञ’ म्हणून हार घालतात, तर काही ‘तयार मोटर बसवली, त्यात कसला शोध?’ म्हणून नाक मुरडतात. गाडी किती वॉट खाते, हे कोणीच विचारत नाही. त्या मुलाच्या कामाचा प्रश्न तोच आहे.

एका चार्जमध्ये दीडशे किलोमीटर, हा दावा घ्या. ४८ व्होल्ट, २० अँपिअर-तासांची बॅटरी म्हणजे ९६० वॉट-तास. पायडल न मारता सपाट रस्त्यावर किलोमीटरला साधारण २० वॉट-तास धरले तर ४८ किलोमीटर होतात. उड्डाणपूल चढायचा असेल तर आणखी कमी. ‘चाकाला डायनॅमो लावला की बॅटरी आपोआप भरते’ असे सांगणाऱ्या मुलालाही हसू नये. मोटरची कार्यक्षमता ८० टक्के, डायनॅमोची ६० धरली तर १०० वॉटमधले ४८ परत येतात, तेही गाडी जागची न हलवता. त्याच्या हाती दोन वॉटमीटर द्या. एक बॅटरीपाशी, दुसरा डायनॅमोपाशी लावला की चूक त्याची त्यालाच सापडते.

खरी काळजी बॅटरीची आहे. जुन्या लॅपटॉपमधले लिथियम सेल १३ च्या ओळीत जोडले की ४८ व्होल्ट मिळतात. चार्जर ५४.६ व्होल्टला थांबतो, पण तो फक्त बेरीज पाहतो. ओळीत एकच सेल १२०० मिलिअँपिअर-तासांचा आणि बाकीचे २००० चे असले, तर लहान सेल आधी भरतो आणि ४.२ व्होल्टच्या पुढे जातो. आगीचा धोका तिथे असतो. म्हणून प्रत्येक सेल पूर्ण भरून आठवडाभर ठेवावा, ४.१ च्या खाली उतरला तर बाद. उरलेले ५०० मिलिअँपिअरने ३ व्होल्टपर्यंत रिकामे करावेत, निघालेली क्षमता मार्करने सेलवरच लिहावी आणि सारखे सेल एकत्र घ्यावेत. बीएमएस, म्हणजे प्रत्येक सेलच्या व्होल्टेजवर लक्ष ठेवणारा सर्किट बोर्ड, हवाच. त्याच्या १४ बारीक तारांचा क्रम चुकला तर तो जळतो, म्हणून सॉकेट बसवण्याआधी लगतच्या दोन-दोन तारांवर मल्टिमीटर धरून दर वेळी एकाच सेलचा व्होल्टेज येतो ना, हे पाहावे. सेलवर थेट सोल्डरिंगचा डाग देऊ नये. निकेलची पट्टी स्पॉट वेल्डिंगने लावावी. आणि नागपूरच्या मे महिन्यात टिनाखाली दुपारी चार्जिंग नकोच, कारण बहुतेक लिथियम सेलना चार्ज करण्याची मर्यादा ४५ अंशांची असते.

मलावीच्या विल्यम कामक्वाम्बाने २००२ मध्ये सायकलचे भाग, ट्रॅक्टरचा पंखा आणि पीव्हीसी पाइप यांतून पवनचक्की उभारली, तेव्हा गावाने त्याला वेडा ठरवले होते. पुढे ज्यांना त्याचे कौतुक वाटले, त्यांनी त्याची सुटलेली शाळा सुरू करून दिली. २०१४ मध्ये तो डार्टमथ कॉलेजातून पदवीधर झाला.

आपल्याकडे कौतुक व्हिडिओने सुरू होते आणि नुकसानही तिथेच होते. यंत्राची आतली रचना अर्जाआधीच जगजाहीर झाली तर पेटंटसाठी लागणारे नावीन्य संपते. केंद्र सरकारने अधिसूचित केलेल्या प्रदर्शनासारख्या मोजक्या प्रसंगांनाच कायद्यात १२ महिन्यांची सूट आहे. गल्लीतला सत्कार त्यात बसत नाही. गाडी पळताना खुशाल दाखवा, झाकण मात्र उघडू नका. बौद्धिक संपदेचे शिक्षण देणारी राष्ट्रीय संस्था आपल्याच नागपुरात, सिव्हिल लाइन्समध्ये आहे. शाळांनी मुलांना घेऊन आधी तिथे जावे.

सत्कार समित्यांना एक विनंती. शाल-श्रीफळ आणि फ्लेक्सच्या खर्चातून त्या मुलाचा तात्पुरत्या तपशिलाचा (प्रोव्हिजनल) पेटंट अर्ज भरून द्या. व्यक्तीसाठी ऑनलाइन शुल्क १,६०० रुपये आहे आणि पूर्ण तपशील द्यायला १२ महिने मिळतात. तेवढ्या काळात एक उन्हाळा आणि एक पावसाळा गाडी चालवून खरे आकडे हाती येतात.

– विद्युत विषयाचे काही शिक्षक, नागपूर