वराडकर फक्त मालवणचे नव्हेत

आयर्लंडचे माजी पंतप्रधान लिओ वराडकर यांच्यावरील आपल्या रविवार पुरवणीतील लेख वाचला. मालवण तालुक्यातील वराड हे त्यांचे मूळ गाव, मुंबईहून गेलेले डॉक्टर वडील, 2019 मधील त्यांची गावभेट, हे सारे लेखात आले. पण त्यांच्या कारकिर्दीतील सर्वांत मोठ्या निर्णयाचा, म्हणजे गर्भपातावरील बंदी हटवण्यासाठी घेतलेल्या सार्वमताचा, उल्लेखही नाही, याची खंत वाटली.

ऑक्टोबर 2012 मध्ये मूळच्या बेळगावच्या डॉ. सविता हलप्पनवार यांचा आयर्लंडमधील गॉलवे शहरातील रुग्णालयात जंतुसंसर्गाने मृत्यू झाला. त्या 31 वर्षांच्या होत्या. गर्भ वाचणार नाही हे ठाऊक असूनही, गर्भाच्या हृदयाचे ठोके सुरू आहेत म्हणून गर्भपात नाकारला गेला. गर्भाला आईइतकाच जगण्याचा हक्क देणाऱ्या 1983 च्या आयरिश घटनादुरुस्तीने डॉक्टरांचे हात बांधले होते. वराडकर 2017 मध्ये पंतप्रधान झाले आणि पुढच्याच वर्षी मे महिन्यात त्यांच्या सरकारने ही तरतूद हटवण्यासाठी सार्वमत घेतले. एकेकाळी ते स्वतः गर्भपाताच्या विरोधात होते, तरी या वेळी त्यांनी बदलाच्या बाजूने उघड प्रचार केला. 66 टक्क्यांहून अधिक मतदारांनी होकार दिला आणि जानेवारी 2019 पासून गर्भपाताला परवानगी देणारा नवा कायदा लागू झाला.

सीमाभागातल्या आम्हा वाचकांना सविता परक्या नाहीत. वराडकरांचे मोठेपण त्यांच्या आडनावात शोधण्यापेक्षा या निर्णयात शोधायला हवे होते. पुढील एखाद्या अंकात त्यावर सविस्तर लिहावे, ही विनंती.

– एक वाचक, बेळगाव