आधी दार, मग बॉनेट, रंग सर्वांत शेवटी

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

कोल्हापुरात किट कार (सुटे भाग आणून स्वतः जोडायची गाडी) किंवा कॉलेजच्या स्पर्धेची गाडी बांधायची म्हटलं, तर चॅसीचं वेल्डिंग, टर्निंग, कास्टिंग यासाठी उद्यमनगर-शिरोलीत कसलेले हात आहेत. घोडं अडतं ते फायबरच्या, म्हणजे काचतंतू आणि रेझिनच्या, बॉडीपाशी. पॅनेल साच्यातून निघालं की लगेच बोल्ट मारून रंगाला जातं आणि वाकड्यातिकड्या फटी नंतर पुट्टीने झाकल्या जातात. ही घाई थांबावी म्हणून हे पत्र.

पॉलिएस्टर रेझिन हाताला कडक लागलं तरी पूर्ण पिकायला काही आठवडे घेतं आणि त्या काळात आक्रसतं. असं कच्चं पॅनेल भिंतीला तिरकं टेकवून ठेवलं, तर आलेला बाक कायमचा बसतो. ते चॅसीवरच किंवा जिगवर (आकार धरून ठेवणाऱ्या चौकटीवर) आधार देऊन ठेवावं. आपल्याकडच्या पावसाळ्यात काचतंतूंची मॅट ओल धरते आणि रेझिन नीट पिकत नाही. मॅटचा रोल प्लास्टिकमध्ये, कोरड्या खोलीतच हवा. रेझिन कडक करणारा हार्डनर आणि ती क्रिया वेगाने घडवणारं कोबाल्टचं अ‍ॅक्सिलरेटर थेट एकमेकांत कधीही मिसळू नये, स्फोट होऊ शकतो. कारागिरांना हे माहीत असतं, पण कॉलेजच्या मुलांना कुणीतरी आधी सांगायला हवं.

आता फिटिंग. बॉनेटपासून सुरुवात करणं ही सर्वांत मोठी चूक. बॉनेट नंतर इकडेतिकडे सरकवता येतं. दाराचं तसं नाही, त्याला खालचा सिल (दाराखालची पट्टी), मागचा पॅनेल आणि काचेचा खांब या तिघांशी एकाच वेळी जुळवून घ्यावं लागतं. म्हणून गाडी सपाट फरशीवर तिच्या चाकांवर उभी करावी, इंजिन जागेवर असावं, सीटवर माणसाच्या वजनाची पोती ठेवावीत. स्टँडवर उचललेली चॅसी वेगळी वाकते आणि तिथे जुळलेलं दार रस्त्यावर घासतं. मुख्य शेल (बॉडीचा मोठा सलग भाग) माउंटिंगवर नुसतं ठेवून दोन्ही कर्ण सारखे आहेत का ते मोजावं, पुढच्या काचेच्या चौकटीचेही. शेल आणि माउंटिंगमध्ये फट राहिली तर बोल्ट आवळून ती मिटवू नये. तेवढ्याच जाडीचं रबराचं किंवा अ‍ॅल्युमिनियमचं पॅकिंग घालावं. ओढून बसवलेलं शेल पुढे दाराच्या कोपऱ्यात तडकतं आणि पिळलेल्या चौकटीत काच फुटते.

मग दार टांगावं. बिजागरीचा भार नुसत्या फायबरवर कधीच देऊ नये. आत ३-४ मिमीची लोखंडी पट्टी, तिला वेल्ड केलेले नट हवेत. ५ मिमी प्लायचे तुकडे कापून चारही बाजूंच्या फटीत अडकवावेत आणि तसंच ठेवून बिजागरी आवळावी. यापेक्षा बारीक फट धरू नये, कारण प्रायमर आणि रंगाचा थर दोन्ही कडांवर चढतो. दाराला धरून फेंडर, फेंडरला धरून बॉनेट, मग डिकी, शेवटी बंपर. फट रुंद झाली तर कड मॅट-रेझिनचे थर चढवून वाढवावी. कडेवरची पुट्टी दार दोनचार वेळा आपटलं की टवका होऊन निघते.

भोकं जेलकोटच्या (बाहेरच्या गुळगुळीत रेझिनच्या थराच्या) बाजूने, मास्किंग टेप लावून, मागे लाकडाचा ठोकळा धरून, धारदार ड्रिलने पाडावीत. उलट बाजूने पाडली की जेलकोटचे टवके उडतात. ६ मिमीच्या बोल्टला ८ ते १० मिमीचं भोक, मागे किमान २५ मिमीचा वॉशर आणि नायलॉक (हादऱ्याने सैल न होणारा) नट. त्या जागी चौरस मीटरला ४५० ग्रॅम वजनाच्या मॅटचे दोन-तीन जादा थर हवेत. एक थर साधारण १ मिमी भरतो. मोठं भोक का, हे समजून घ्यावं. फायबर उन्हात लोखंडाच्या दुपटीहून जास्त प्रसरण पावतं. दीड मीटरचं बॉनेट ३० अंशांनी तापलं तर खालच्या चॅसीपेक्षा पाऊण मिलिमीटरच्या आसपास जास्त वाढतं. भोक घट्ट असेल तर त्याच्याभोवती कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तडे पडतात, वर कितीही महाग रंग असो.

फायबरमधून वीज वाहत नाही, त्यामुळे प्रत्येक दिव्याला अर्थची वेगळी वायर चॅसीपर्यंत ओढावी लागते. रंगानंतर हे आठवलं की चकचकीत पॅनेलला पुन्हा भोकं पडतात.

कायद्याचंही पाहावं. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीतला तपशील बदलेल असा फेरफार करता येत नाही. जुन्या गाडीच्या चॅसीवर नवी बॉडी चढवणाऱ्यांनी खर्चाआधी आरटीओत विचारावं.

घाईचं मूळ मला तरी बिलात दिसतं. एस्टिमेटमध्ये मोल्डिंग असतं, रंग असतो. कच्ची फिटिंग कुठेच नसते, म्हणून त्या मजुरीचे दिवस कारागीर अंगावर घेत नाही. वर्कशॉपनी ती वेगळी ओळ म्हणून लिहावी, गिऱ्हाइकांनी तिथे घासाघीस करू नये आणि कॉलेजांनी स्पर्धेच्या वेळापत्रकात रंगाआधीचे पंधरा दिवस त्यासाठी मोकळे ठेवावेत.

आपला,
एक वाचक, शिवाजी उद्यमनगर, कोल्हापूर