चार्ल्स्टन ट्रिप : शनिवारी निघायच्या आधी एकदा वाचा

मंडळी, शनिवारी पहाटे 6 ला शार्लटहून निघायचंय, 6 म्हणजे 6, चहा गाडीत प्या. साडेतीन तासांचा रस्ता आहे, पण मुलं असली की थांबे वाढतात हे माहितीये सगळ्यांना.

- आधी फोर्ट समटर. 12 एप्रिल 1861 ला इथेच पहिला तोफमारा झाला आणि अमेरिकेचं यादवी युद्ध सुरू झालं. किल्ला बंदराच्या तोंडाशी पाण्यात आहे, फेरीनेच जावं लागतं आणि ती कुणासाठी थांबत नाही, म्हणून निदान अर्धा तास आधी धक्क्यावर या. तिकिटं काढलीत.
- दुपारी रेनबो रो (जुन्या रंगीत घरांची रांग) आणि बॅटरी (पाण्याकाठचा फिरायचा रस्ता), सगळं पायी. फरसबंदी खडबडीत आहे, आजी-आजोबांना बूटच घालायला सांगा.
- घोडागाडी ज्यांना हवी त्यांनी आपापली बघा. कुठल्या रस्त्याने न्यायचं ते तिथे सोडतीने ठरतं, त्यामुळे अमुकच घर दाखवा म्हणून गाडीवाल्याशी वाद नको.
- रविवारी सकाळी आफ्रिकन अमेरिकन म्युझियम. गुलाम म्हणून आणलेले हजारो लोक ज्या धक्क्यावर उतरवले गेले तिथेच ते उभं आहे. रंगीत घरांचे फोटो काढून परत यायचं असेल तर या गावाला जाऊच नये असं माझं मत, त्यामुळे हे कुणी गाळू नका, मुलांनाही आणा.
- शाकाहारी लोकांनी ग्रिट्स (मक्याच्या भरड्याची लापशी) मागवताना कोळंबी नको असं स्पष्ट सांगा.
- भरतीला जुन्या भागात रस्त्यावर पाणी येतं, गाड्या गॅरेजमध्येच लावा. डासांचं औषध घ्या.

कोण कुणाच्या गाडीत ते गुरुवार रात्रीपर्यंत ग्रुपवर टाका.