भोपळे कशाला, त्याचे उत्तर

पिओरिया, इलिनॉय
27 ऑक्टोबर 2025

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

काल फोनवर बाबांनी विचारले की, खायचे नाहीत तर इतके भोपळे मोटारीत भरून आणलेस कशाला. नातवंडांच्या गलबल्यात तेव्हा धड उत्तर देता आले नाही, म्हणून हे पत्र. शुक्रवारी, 31 तारखेला, हॅलोविन म्हणजे इथला भुताखेतांचा सण आहे आणि यंदा गल्लीतल्या मुलांची पार्टी आमच्याकडे असल्याने सजावट माझ्या गळ्यात पडली आहे. त्यासाठी आम्ही शनिवारी मॉर्टनजवळच्या एका मळ्यावर गेलो होतो. मॉर्टन हे गाव स्वतःला भोपळ्यांची जागतिक राजधानी म्हणवते, आणि अमेरिकेत डबाबंद होणारा बहुतेक भोपळा इलिनॉयमध्येच पिकत असल्यामुळे ती फुशारकी अगदीच पोकळ नाही.

थंडीने पाने करपून वेल जमिनीला चिकटले होते आणि त्यामुळे सारी फळे उघडी पडली होती. मळेवाल्या बाईंनी हातगाडी आणि कात्री दिली. साल नखाने दाबून पाहायची, खूण उमटली तर फळ कोवळे समजायचे. देठ चार बोटे राखून कापायचा. आणि भोपळा देठाला धरून मुळीच उचलायचा नाही, हे त्यांनी दोनदा बजावले. मला ते पटायला वेळ लागला नाही, कारण गेल्या वर्षी माझ्या हातात नुसता देठ आला होता, भोपळा वरून धडधाकट दिसतो म्हणून मी तो तसाच बैठकीत मांडला आणि चौथ्या दिवशी त्याला खालून पाणी सुटले. गालिच्यावरचा तो डाग अजून गेलेला नाही.

शोभेच्या लहान फळांत मात्र मी हरवून गेले. काहींच्या अंगावर चामखिळींसारख्या गाठी, काही हिरव्या-पिवळ्या पट्ट्यांची, आणि एक तर चक्क फेटा बांधल्यासारखे. त्याला इथे ‘टर्क्स टर्बन’ म्हणतात. बाबा, पडवीत मात्र तुमच्या ओळखीची वस्तू टांगलेली होती. दुधीच्या जातीचे मोठे भोपळे, साल लाकडासारखी टणक, वर बुरशीचे काळसर ठिपके, हलवले की आत बिया खुळखुळतात. इथे त्यांना भोक पाडून पक्ष्यांची घरटी करतात. पंढरपूरकडचे त्याच जातीचे भोपळे मिरजेला जाऊन तंबोरे होतात. पडवीतल्या त्या भोपळ्यांतला एक मी घेतला आहे. तुमच्या तंबोऱ्याला आम्हाला कधी हात लावू दिला नाहीत, त्याची थोडी भरपाई.

नारिंगी भोपळे आतून पोकळ करून त्यांवर गुरुवारी संध्याकाळी भुतांचे चेहरे कोरायचे, कारण कोरलेला भोपळा आठवडाभरही टिकत नाही. यंदा वरून झाकण न कापता तळ कापणार आहे, म्हणजे देठ शाबूत राहील, आणि आत मेणबत्तीऐवजी बॅटरीचा दिवा ठेवणार आहे. आयर्लंडमध्ये पूर्वी यासाठी सलगम कोरत असत. तिथले लोक अमेरिकेत आले आणि त्यांना त्याहून मोठा व कोरायला सोपा भोपळा सापडला. भुताखेतांना दाराबाहेर ठेवण्यासाठी भोपळा म्हटल्यावर आई दुकानाच्या दारातला कोहळा आठवून हसेल.

बाबा, आता नासाडीचे. बिया मीठ लावून भाजणार आहोत, आणि पार्टी झाली की कोरलेले भोपळे मळ्यावर परत नेणार आहोत. तिथली डुकरे ते खातात. आई, नारिंगी भोपळ्याचे घारगे करायचा उद्योग मी मागे एकदा केला होता. तो गर पाणचट आणि रेषाळ, पीठ घालता घालता हात दुखले आणि घारगे बेचव झाले ते निराळेच. म्हणून या खेपेस डिकिन्सन नावाचा फिकट बदामी भोपळा आणला आहे. डब्यांत जातो तो हाच, आणि तो आपल्या तांबड्या भोपळ्याच्याच जातीचा आहे. त्याच्या किसाला गूळ निम्मा घ्यायचा की पाऊणपट, एवढे शुक्रवारच्या आत फोनवर सांग.

तुमची,
धाकटी