रापा नुईचे लोक नामशेष झालेले नाहीत

महोदय,

आपल्या रविवार पुरवणीत पॅसिफिक महासागरातील ईस्टर बेटावरचा (स्थानिक नाव रापा नुई) प्रवासलेख वाचला. छायाचित्रे उत्तम आहेत. परंतु तेथील प्रचंड दगडी पुतळ्यांमागे परग्रहवासीयांचा हात असावा ही शंका आणि तेथील समाजाने स्वतःचाच सर्वनाश ओढवून घेतला हे विधान, ते बेट पाहून आलेल्या माझ्यासारख्या वाचकाला खटकते.

पुतळे कोणी घडवले, याचे उत्तर रानो राराकू या विझलेल्या ज्वालामुखीच्या उतारावर उघड्यावरच पडले आहे. तेथील खाणीत सुमारे 400 मोआई, म्हणजे हे पुतळे, आहेत. काही गळ्यापर्यंत मातीत रुतलेले, तर काहींची पाठ अद्याप कातळापासून सुटलेली नाही, आणि त्यांतला सर्वांत मोठा जवळजवळ 21 मीटर लांबीचा अर्धवट पुतळा आडवाच राहून गेला आहे. आपली लेणी कठीण काळ्या पाषाणात कोरलेली आहेत. तेथील खडक मात्र ज्वालामुखीची राख घट्ट होऊन बनलेला, तुलनेने मऊ असल्याने बेसाल्ट या कठीण दगडाच्या हत्यारांनी तो घडवता येत असे. अशी हत्यारे खाणीत विपुल सापडली आहेत. (परग्रहावरून आलेल्यांना दगडी हत्यारांची गरज का पडावी, हे लेखकाने सांगितले असते तर बरे झाले असते.) मोआईंच्या डोक्यांवरील तांबड्या बुचड्यांचा दगड पुना पाऊ या वेगळ्या विवरातला आहे.

सर्वनाशाचे म्हणाल, तर बेटावरची झाडी नाहीशी झाली हे खरे. पण 1862 पासून पेरूच्या गुलामव्यापाऱ्यांनी शेकडो माणसे पळवून नेली, परतलेल्या मोजक्या लोकांबरोबर देवीची साथ आली आणि 1877 मध्ये बेटावर केवळ 111 रापानुई उरले, याचा लेखात उल्लेखही नाही. पुढे 1888 मध्ये बेट चिलीच्या ताब्यात गेले, जमीन मेंढपाळीच्या कंपनीला दिली गेली आणि मूळ रहिवाशांना हांगा रोआ गावापुरते कोंडण्यात आले. पूर्ण नागरिकत्व मिळायला त्यांना 1966 उजाडावे लागले.

त्यांचेच वंशज आज माउ हेनुआ या संस्थेमार्फत तेथील राष्ट्रीय उद्यान सांभाळतात. मोआई त्यांच्या लेखी पूर्वज आहेत. पुढील अंकात दुरुस्ती छापताना वाचकांसाठी एवढे अवश्य द्यावे, की बहुतेक स्थळी मार्गदर्शकाशिवाय प्रवेश मिळत नाही, आणि पुतळ्यांना हात लावण्यास किंवा ते ज्यावर उभे आहेत त्या अहूंवर चढण्यास सक्त मनाई आहे.

आपला,
एक वाचक, नाशिक