पोरी तुझ्या शब्दाबाहेर नाहीत, म्हणून

चि. निखिल,
अनेक आशीर्वाद.

मुलींचा खो-खोचा संघ हेडसरांनी तुझ्याकडे दिला, हे ऐकून फार बरं वाटलं. बाबांनाही झाला असेल तितकाच आनंद मला झाला. फोनवर तू म्हणालास, "ताई, पोरी माझ्या शब्दाबाहेर नाहीत." त्याच वाक्याबद्दल हे पत्र आहे. फोनवर निम्मं तुटतं आणि निम्मं आपण विसरतो, म्हणून लिहूनच पाठवते.

इथे अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात मी गणित शिकवते त्याच हायस्कूलच्या क्रॉसकंट्री, म्हणजे माळरानावरून लांब धावण्याच्या शर्यतीच्या, संघाची मी कोच आहे. सराव ऐन ऑगस्टमध्ये सुरू होतो. तेव्हाची इथली हवा आपल्या चिपळूणच्या ऑक्टोबरसारखी असते. घाम येतो पण वाळत नाही, आणि घाम वाळला नाही की शरीर थंड होत नाही. धावणाऱ्या मुलाचे स्नायू आतून उष्णता तयार करतच असतात. त्यात मूल कोचचा शब्द मानणारं असेल, तर "अजून एक फेरी" म्हटल्यावर ते पाय लटपटत असतानाही धावतं. थांबावंसं वाटतंय हे ते सांगत नाही, कारण सरांच्या नजरेतून उतरायचं नसतं.

2008 च्या ऑगस्टमध्ये केंटकी राज्यातल्या लुइव्हिल शहरात अमेरिकन फुटबॉलच्या सरावात असाच धावता धावता एक 15 वर्षांचा मुलगा उष्माघाताने कोसळला आणि तीन दिवसांनी गेला. त्याच्या कोचवर फौजदारी खटला चालला. पुढच्या वर्षी ज्यूरीने त्याला निर्दोष सोडलं. कायद्याने दोष नाही ठरला, ते ठीक. पण मी कोच झाल्यापासून ती बातमी मनातून जात नाही. त्या मैदानावर थांबवण्याचा अधिकार कोचकडे होता आणि मुलांकडे तो नव्हता, एवढंच मला त्यात दिसतं. पोरी तुझ्या शब्दाबाहेर नाहीत ना, मग त्यांच्या वतीने थांबायचं कधी हेही तूच ठरवायचं. ते काम दुसऱ्या कुणाचं नाही.

जॉर्जियाने 2012 पासून हे कोचच्या मर्जीवर ठेवलेलं नाही. मैदानावर एक यंत्र ठेवतात. ते ऊन, दमटपणा आणि वारा धरून एकच आकडा देतं. हा आकडा नेहमीच्या थर्मामीटरवरच्या तापमानाहून वेगळा असतो, हे लक्षात ठेव. तो साधारण 32 अंशांवर गेला की सराव फक्त एक तासाचा, आणि त्यातही 20 मिनिटांची विश्रांती. 33 च्या वर गेला की मैदानातला सराव बंद. मागच्या मोसमात एक पालक माझ्यावर चिडले. शर्यत तोंडावर आली असताना सराव रद्द का केला, म्हणून. मी त्यांना यंत्राचा आकडा दाखवला आणि निर्णय माझा आहे असं सांगितलं. त्यांना तो पटला नाही. पटायलाच हवा असंही काही नाही.

तुझ्याकडे ते यंत्र नसेल. मग सराव सकाळी सातला घे, पहिला आठवडा हलका ठेव, पाणी मागायला परवानगी लागू नये एवढं तरी कर. आणि एखादी मुलगी अडखळायला लागली, असंबद्ध बोलायला लागली, तर तिला आधी गार करायचं, दवाखान्यात न्यायचं त्यानंतर. अंगाला घाम आहे म्हणून उष्माघात नाही, असं समजू नकोस. पहिल्या अर्ध्या तासात शरीर थंड झालं तर मूल वाचतं. बर्फाच्या पाण्याचा टब नसेल तर ताडपत्री चालते. चौघांनी कडा उचलून धरायच्या, मुलीला मधे निजवायचं, वरून पाणी आणि बर्फ ओतून ते हलवत राहायचं. इथे आम्हाला हे रीतसर शिकवतात. बर्फ मच्छीमार्केटमधून आणता येईल, आधी बोलून ठेव. 108 ला फोन एकीकडे चालूच असू दे. खारघरला 2023 च्या एप्रिलमध्ये उन्हातल्या कार्यक्रमानंतर 14 माणसं गेली, आठवतं ना? ती माणसं नुसती बसलेली होती. तुझ्या पोरी धावणार आहेत.

आता दुसरं. क्रॉसकंट्रीत संघातून सात जण धावतात आणि पहिल्या पाचांचे क्रमांक मिळवून बेरीज होते. ज्याची बेरीज कमी, तो संघ जिंकतो. त्यामुळे आमचा निकाल बहुतेक वेळा पाचव्या मुलावर ठरतो. सगळ्यात पुढे धावणाऱ्याला मी फारसं काही सांगत नाही, त्याला टाळ्या मिळतातच. पाचवा कसा झोपला, काय खाल्लं, घरी काय चाललंय, हे मी विचारते. खो-खोत नऊ जणी मैदानात असतात आणि बाकीच्या बाहेर बसून राहतात. त्या बाहेर बसलेल्यांना आपण का बसलोय हे तुझ्या तोंडून कळू दे. मैत्रिणींकडून कळलं की मन कडवट होतं. कॅप्टनही सगळ्यात चपळ मुलीला करू नकोस. जी बाहेर बसलेल्यांशी बोलते, तिच्यावर नजर ठेव.

चाचणीत नापास झालेल्यांना खेळवायचं नाही, असा नियम करायचा तुझा विचार आहे. कॅलिफोर्नियातल्या रिचमंडमध्ये केन कार्टर या बास्केटबॉल कोचने 1999 मध्ये हेच केलं होतं. संघ सलग 13 सामने जिंकला होता, तरी अभ्यासाचा शब्द पाळला नाही म्हणून त्याने सरावाच्या जिमला कुलूप लावलं. अभ्यास करणाऱ्यांनाही त्याने बाहेर ठेवलं, ते मला पूर्ण पटत नाही. पण अटी त्याने मोसमाआधीच लिहून दिल्या होत्या, त्यावर खेळाडूंच्या सह्या होत्या, आणि लोक चिडले तेव्हा पुढे तोच उभा राहिला. नियम करायचा तर तसा कर. ऐनवेळी सुचलेला नियम ही शिक्षा होते. आणि नियम केलास तर नापास मुलीला शिकवायला शाळा सुटल्यावर तू स्वतः बस.

तुझ्यापुढे आणखी एक प्रसंग येईल, तो इथे मला येत नाही. कुणीतरी सांगेल, 14 वर्षांखालच्या गटात हिला घाल, दाखल्याचं मी बघतो. दहावीच्या वाढीव क्रीडा गुणांसाठी न खेळलेल्या मुलीचं नाव घालायला सांगतील. सांगणारा माणूस ओळखीतलाच असेल, कदाचित शाळेतलाच. तेव्हा "हेडसरांना विचारतो" म्हणून सुटू नकोस. पुढे उघड झालं तर बदनामी त्या मुलीची होते.

प्रवासात एक बाई शिक्षिका सोबत हवीच, ती मिळाली नाही तर संघ नेऊ नकोस. एकट्या मुलीशी फोनवर मेसेज नको, पालकांच्या ग्रुपवर लिही. एखादीने कुणाबद्दल काही सांगितलं तर "बघू" म्हणू नकोस. पोक्सोखाली, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याखाली, कळवणं तुझ्यावर बंधनकारक आहे, मग तो माणूस कुणीही असो.

तालुक्याच्या स्पर्धेची तारीख कळली की लगेच सांग. ताडपत्री आणि टबाचा खर्च शाळा देत नसेल तर मी पाठवते, त्यात संकोच नको. बाबांचा गुडघा कसा आहे ते तू लिही, ते मला खरं सांगत नाहीत. आईला म्हणावं, कोकमं मिळाली. आई-बाबांना नमस्कार.

तुझी,
ताई